खुलासा सादर करावा

सर्वेचा फॉर्म छापील होता.
दुचाकी, तीनचाकी, जड वाहन, बैलगाडी,
ज्याला त्याला आपापली चौकट.
पायी चालणारी माणसं शेवटी,
'इतर'मध्ये.

वसमतच्या मोंढ्यासमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर
तीन दिवस बसलो मी.
चार उभ्या रेघा, एक आडवी,
आई दुधाचा हिशोब भिंतीवर मांडायची तशी
माणसं मांडत.
नांदेडकडनं येणारे ट्रक
हॉर्नवर हात ठेवूनच गावात शिरतात.
बाया हळद निवडायला निघालेल्या,
एका हातात डबा,
दुसऱ्या हाताचा तळवा ट्रककडं केलेला,
जसं काही तेवढ्यानं तो थांबणारच आहे.

थांबायचा. बहुतेक वेळा.

"काय लिहायलास रे बाबू?" निलावतीनं विचारलं.
माणसं मोजतोय, म्हणालो.
"मंग मला जाताना बी धर, येताना बी धर."
चार पावलं गेली, परत आली.
"अन् कौसाला कोन्त्या रेघंत धरलंस?"

कौसाबाई खिल्लारे. गेल्या चैतात, इथंच.
पंचनामा मी वाचलाय:
'सदर महिला अचानक रस्त्यावर आली.'
अचानक?
बावीस वर्षं ती रोज त्याच वेळेला
त्याच जागेवरनं येत होती.
अचानक आला तो रस्ता. चौपदरी.

नकाशात पादचारी पट्टा बसस्टँडच्या कमानीसमोर.
साहेब म्हणाले, तिथं शोभतो.
एक सदस्य म्हणाले, आमच्या वार्डात घ्या.
दुसरे म्हणाले, दुकानापुढं तेवढा नको,
गिऱ्हाइकानं गाडी काय डोक्यावर लावायची?
विषय क्रमांक अकरा.
चहा येईस्तोवर चर्चा, चहा आल्यावर मंजूर.

आणि मला तर तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं,
ऊन कलल्यावर डांबर चमकतं तेव्हा:
मोंढ्याच्या मागल्या गेटापासून
पलीकडच्या पाणपोईपर्यंत
पिवळी पावलं.
भेगाळल्या टाचांची, झिजल्या चपलांची,
एक तर नुसता अंगठा.
सरळ नाही, तिरपी गेलेली,
कारण दुभाजकाची फट तिरप्यात आहे.
कमानीपासून मोजलं मी.
चौसष्ट पावलं अलीकडं.

रंगारी मुजीब रात्री अकराला आला,
डबे, सुतळी, पत्र्याचा साचा घेऊन.
नकाशा मागितला.
म्हणालो, घरी राहिला.
आणि मोबाइलची बॅटरी खाली धरली.
बराच वेळ बघत राहिला तो.
मग चप्पल काढून बाजूला ठेवली
आणि सुतळी तिरपी ओढली.

आता लेखापरीक्षणाचा कागद आलाय.
पट्टे मंजूर जागेवर नाहीत.
पट्टे रस्त्याला काटकोनात नाहीत.
पट्टे पांढरे अपेक्षित असताना
पाहणीवेळी पिवळसर आढळले,
सबब रंगाच्या दर्जाबाबत
सात दिवसांत खुलासा सादर करावा.

आज सहावा दिवस.
पहिल्या दोन्हीला काय लिहायचं ते लिहिलंय.
कंत्राट तसंही महिनाअखेर संपतं माझं.
तिसऱ्यापाशी पेन अडलंय.

सगळेच ट्रक थांबतात असं नाही.
काल एक थांबला, ऊस भरलेला, करकरत.
निलावती पट्ट्यावर होती.
मधोमध आली, उभी राहिली,
डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं,
ते काढलं, पदरानं पुसलं, परत लावलं,
दाबून बघितलं.
मग निघाली.